न मागता आलेली

गेल्या 1 जुलैला आईच्या मोबाइलवर बँकेचा शुभेच्छांचा मेसेज वाजला. आई गवारीच्या शेंगा निवडत होती. तिनं चष्मा सरकवून बघितलं आणि फोन पालथा ठेवला. शेजारी माझी भाची, दादाची दहा वर्षांची लेक, गृहपाठ करत बसली होती. "आजी, तुला हॅपी बर्थडे म्हणताहेत," ती म्हणाली. "तो माहा नाही, गुरुजीचा वाढदिवस आहे," आई म्हणाली. शाळेत नाव घालायला आलेल्या लेकराच्या नावापुढं 1 जुलै लिहून गुरुजी मोकळे व्हायचे. आमच्या नात्यात त्या पिढीतली निम्मी माणसं 1 जुलैचीच आहेत. "मग तुझा खरा कधी असतो?" आईनं एका शेंगेची शीर ओढली आणि भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं, "शिवरात्रीच्या आगेमागे. माहा बाप महादेवाले गेला होता, तवाची मी. दोन पोरी होत्या घरी, त्याले पोरगा पाह्यजे होता. तो तिकडं नवस बोलाले गेला अन् इकडं मी आली."

भाची हसली आणि पुन्हा वहीत घुसली. मी दारात भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी राहिले.

आजोबा महादेवाला जायचे हे आम्हाला माहीत होतं. आईची जन्मतारीख पक्की नाही हेही माहीत होतं. पण ह्या दोन गोष्टी एकाच वेळच्या आहेत आणि मधे एक नवस आहे, हे इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं. तारीख लिहिली गेली नाही त्याचं कारणही आईनंच त्या दुपारी पुढं सांगितलं. घरात लिहिता येणारा माणूस एकच, आणि तोच घरी नव्हता. तो परत आला तोवर आईच्या अंगावरचं पाचवीचं काजळ पुसून गेलं होतं. पुढं दोन वर्षांनी मामा झाला. आजोबा पुन्हा गेले, ह्या खेपेला खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन, बोललेला नवस फेडायला. मामाला घरात सगळे ‘महादेवाचा’ म्हणायचे. त्याला शिवरात्रीच्या आसपास नवा सदरा यायचा. "तो मागून आनला, मी न मागता आली," आई म्हणाली आणि गवार धुवायला उठली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आजोबांचा राग येत होता, आणि ज्या आजोबांनी मला मांडीवर बसवून भुईमुगाच्या शेंगा सोलून दिल्या त्यांचा राग येतोय ह्याचं वाईटही वाटत होतं.

विदर्भातल्या माणसाला ‘महादेवाला जातो’ म्हटलं की पुढं कुठल्या महादेवाला असं विचारावं लागत नाही. पचमढीचा. शिवरात्रीला चौरागड, श्रावणात नागपंचमीच्या आधी नागद्वार. गावागावातून पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, निघतात, पुढं भगत, मागं अनवाणी माणसं, कोणाच्या खांद्यावर त्रिशूळ. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा गजर आम्ही पोळ्याला बैलांच्या तोरणाखालीही ऐकतो, त्यामुळे तो कानाला देवळापेक्षा शेताचा जास्त वाटतो. आजोबांच्या काळी सावनेरकडची माणसं पायीच जात. जायला आठ-दहा दिवस, यायला तेवढेच. पाठीवर पीठ-मीठ, रस्त्यात तीन दगडांची चूल. मावशी सांगते, आई झाली ती राज्य बदललं त्याच सालची शिवरात्र. म्हणजे 1956. तेव्हा नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं. त्याआधी इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसायचं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि महादेवाचा डोंगर सरहद्दीपलीकडे राहिला. पोह्यांनी त्या सरहद्दीची दखल घेतली नाही. सरहद्दीपलीकडच्या सौंसर-पांढुर्ण्याकडं आजही घरात मराठी बोलतात.

यंदा शिवरात्र 15 फेब्रुवारीला होती. आईला सत्तर पूर्ण. दादाच्या मनात हॉल घ्यायचा, दोनेकशे माणसं, सत्तर दिव्यांनी ओवाळायचं. वहिनीनं आईला विचारलं तर आई म्हणाली, "मले चौरागडावर जायचं आहे." एवढंच. घरात दोन दिवस वाद झाला. गुडघे, बीपी, माकडं, पायऱ्या. बाबा म्हणाले, इतकी वर्षं संसारात तिनं स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही, तेव्हा जायचं. त्यावर कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी ईसीजी बघून हो म्हटलं, पण सवय करा म्हणाले. मग आई दिवाळीनंतर रोज सकाळी नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर चालायला लागली. साडी, वर दादाचा जुना स्वेटर, पायात भाचीनं निवडून दिलेले जांभळ्या पट्ट्यांचे बूट. थंडीत तिचं नाक लाल व्हायचं आणि घरी आली की ती पोह्यांची बशी हातात घेऊन, आज कुठल्या वळणापर्यंत न थांबता गेले ते बाबांना सांगायची. हे तीन महिने मला फार आवडले. मला वाटतं डोंगर तिनं तिथंच अर्धा चढला.

निघालो ते शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात, पहाटे. दादा, वहिनी, भाची, मी, माझे यजमान, आई-बाबा. सावनेरच्या पुढं काच खाली केली आणि संत्र्याच्या फुलोऱ्याचा वास गाडीत शिरला. हे दिवसच असे असतात, एका बागेत मृग बहाराची फळं उतरवणं चाललेलं आणि शेजारच्या बागेत आंबिया बहाराचा फुलोरा. आई खिडकीला नाक लावून बसली होती. तिच्या माहेरचा फाटा मागं गेला तेव्हा तिनं नुसता हात जोडल्यासारखा केला. जामसावळीला झोपलेल्या मारुतीचं दर्शन, सिलेवानीच्या घाटात काटेसावरीची लाल फुलं, छिंदवाड्यात चहा, तामियाच्या पुढं दऱ्या. ह्या रस्त्यानं एक माणूस अनवाणी चालत गेला होता आणि मी एसी कमी करा म्हणत होते. मी प्रत्येक चढावर मनात त्याच्यापुढं एक प्रश्न ठेवत होते. दोन मुली घरात, बायको दिवसात, आणि तुम्ही निघालात? उत्तर अर्थात आईकडूनच आलं, तेही न विचारता. मटकुलीच्या वळणावर ती म्हणाली, "पोरगा नसला तर वावर चुलत्याईकडं जात होतं तवा. पोरीईचं लग्न कोनं केलं असतं?" म्हणजे तिनंही हा प्रश्न कधीतरी विचारलेला होता. आणि तिला उत्तर मिळालं होतं. मला ते उत्तर कळलं, पटलं असं नाही म्हणणार.

दुसऱ्या दिवशी पचमढीहून जीपनं बड्या महादेवाच्या गुहेपर्यंत गेलो. आत छतातून पाणी ठिबकतं, पायाखाली गार कातळ, भस्मासुराच्या भीतीनं महादेव ह्या डोंगरात लपले ती गोष्ट भाचीला बाबांनी सांगितली. मी त्यांना दुसरी आठवण करून दिली. 1818 साली इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले ह्याच महादेवाच्या डोंगरात आश्रयाला आले होते, गोंड सरदारांनी त्यांना सांभाळलं. बाबा खालीच थांबणार होते. बीपीच्या गोळ्यांची डबी त्यांनी यजमानांच्या हातात दिली आणि "घाई करू नका, मी इथंच आहे," असं तीनदा म्हणाले.

वाटेच्या तोंडाशी दुकानं. नारळ, बत्तासे, माकडांना दाखवायच्या काठ्या, आणि रांगेनं टेकवून ठेवलेले त्रिशूळ, वीतभरापासून ते दोघांनी उचलावे लागतील इतके. भाचीचे पाय तिथंच रुतले. तिला एक घ्यायचा होता, तिच्या खांद्याएवढा. आई म्हणाली, "कायले? आपला काही नवस नाही." आणि ती काठी टेकत पुढं निघाली. भाची आणि दादा मागं रेंगाळले. थोड्या वेळानं दोघं आले तेव्हा पोरीच्या खांद्यावर त्रिशूळ होता, वर लाल कापड गुंडाळलेलं. आईनं वळून पाहिलं, काही बोलली नाही.

गुहेपासून चौरागडापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर चालणं आहे. आधी जंगलातली चढउताराची वाट, साग, हिरडा, आंब्याची जुनी झाडं, वाळक्या पानांचा पायाखाली चुरा. सकाळचा गारवा होता तोवर आई आमच्याही पुढं होती. मग पायऱ्या सुरू होतात, तेराशेच्या वर. कुठं हातभर उंच, कुठं झिजून उतरत्या झालेल्या. पोहे यायला लागले होते. वर्धा जिल्ह्यातला एक पोहा आमच्या मागून आला. पन्नाशीचा एक माणूस, खांद्यावर जाड टॉवेलाची घडी आणि त्यावर एवढा मोठा त्रिशूळ की पायरी चढताना त्याचं टोक मागच्याच्या डोळ्यांसमोर हलत होतं. दोघं बाजूनं हात लावून होते. त्याच्या टाचा फुटलेल्या, पोटऱ्यांच्या शिरा वर आलेल्या. तो दहा पायऱ्या चढायचा, थांबायचा, भगत ‘हर बोला’ म्हणायचा आणि सगळे ‘हर हर महादेव’ म्हणाले की पुन्हा दहा. आई कठड्याला टेकून त्याच्याकडं बघत राहिली. तो समोरून जाताना तिनं विचारलं, "कायचा नवस जी?" तो थांबला नाही, मागच्यानं उत्तर दिलं, "नात झाली माय त्याले. सातव्या महिन्यातच झाली होती, वाचली." आईनं पदर डोक्यावर घेतला आणि त्रिशुळाला हात लावून कपाळाला लावला. मी इथं येईपर्यंत मनात एक बरंच सरळ चित्र घेऊन आले होते, पोरासाठी लोखंड वाहणाऱ्या पुरुषांचं. ते त्या माणसाच्या पाठीमागं उभं राहून मला तसंच धरून ठेवता आलं नाही.

अर्ध्यावर आईला दम लागला. लिंबू सरबताच्या टपरीजवळ बसवलं, नाडी बघितली, बूट सैल केले. तिचा चेहरा पांढुरका झाला होता आणि दादा परत फिरायचं बोलायला लागला. आईनं घोट घेतला, म्हणाली, "थांब ना बाप्पा. मले काही कोनी खाली बोलवत नाही." एक माकड दगडावरून तिच्या पिशवीकडं बघत होतं, भाचीनं त्रिशूळ आडवा धरून त्याला रोखलं आणि आई हसली. तिचं हसणं ऐकल्यावर सगळ्यांचे खांदे खाली आले. पुढच्या पायऱ्या आम्ही तिच्या चालीनं चढलो. वीस पायऱ्या, थांबा. पंधरा, थांबा. त्या थांबण्यात ती बोलत होती. तिची आई शिवरात्रीला उपासाचं रताळं कसं भाजायची, आजोबा परत आले तेव्हा त्यांच्या पायाला गरम तेल कोणी चोळलं, आणि मग, जणू तेही त्याच यादीतलं असावं असं, "आल्याबरोबर त्यानं मले उचललं म्हनते. हातपाय धुवायच्या आधी. मावशी म्हने, अंगावर वाटेचा धुरळा, अन् तशीच मले छातीशी धरली. पोरगी झाली हे त्याले गावच्या वेशीवरच कळलं होतं." नाव त्यांनीच ठेवलं. महादेवाच्या बायकोचं.

वर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

चौरागडाचा माथा तेराशे मीटरच्या वर आहे, सातपुड्यातल्या सगळ्यात उंच धूपगडापेक्षा थोडाच कमी, आणि तिथं पोचल्यावर आधी देऊळ दिसत नाही, लोखंड दिसतं. हजारो त्रिशूळ, कठड्याला, भिंतीला, झाडाला टेकलेले, एकमेकांत अडकलेले, काही नवे शेंदरी, काही गंजून विटकरी. वाऱ्यानं त्यांच्यातून बारीक किणकिण येत होती. काहींच्या दांड्यावर ऑइलपेंटनं नाव, गाव, साल. मोर्शी, वरूड, काटोल, आर्वी. भाची मोठ्यानं वाचत चालली होती. आईनं दर्शन घेतलं. पुजाऱ्यानं विचारलं, "कोई मन्नत है, माँ?" आई म्हणाली, "नाही. भेटाले आली." तिनं नेहमीच्याच भाषेत सांगितलं आणि त्यालाही ते कळलं असावं, त्यानं तिच्या हातावर अंगारा ठेवला.

मग भाचीनं तिला बाहेर ओढत नेलं आणि त्रिशुळावरचं लाल कापड सोडलं. दांड्यावर पांढऱ्या रंगात आईचं नाव होतं, माहेरचं पूर्ण नाव, खाली 1956. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता, एका अक्षराला पोरीच्या खांद्याचा डाग लागला होता. दुकानदारानं लिहिलं होतं, भाचीनं सांगितलं होतं. दादा दुसरीकडं बघत होता. त्याला ही एकच मुलगी आहे, आणि आमच्याच नात्यातली माणसं अजून लग्नकार्यात वहिनीला ‘एक चान्स घ्या’ म्हणतात, हे मला माहीत आहे. त्यानं लेकीला माहेरचं नाव बरोबर सांगितलं होतं, वडिलांच्या नावासकट.

आई पहिल्यांदा म्हणाली, "केवढ्याचा आनला?" किंमत ऐकून "येडे झाले का रे," म्हणाली. मग तिनं काठी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि जागा शोधायला लागली. कठड्याजवळ एक फट होती, पण तिथं त्रिशूळ कलत होता. तिनं दोन जुने थोडे सरकवले, एका गंजलेल्याला "सरक बा" म्हणाली. खाली बसून एक चपटा दगड पायाशी ठोकला, हलवून बघितलं, अजून एक ठोकला. आम्ही कोणी मदतीला वाकलो तर तिनं हात झटकला. गंज तिच्या तळव्यांना लागला, नखांत माती गेली. सरळ उभा राहिल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी गदागदा हलवला. हलला नाही. मग ती उठली आणि गुडघ्यावरची धूळ झटकली.

मला त्या क्षणी आजोबांबद्दल काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. सत्तर वर्षांपूर्वी इथंच कुठंतरी उभं राहून त्यांनी मुलगा मागितला, आणि तेव्हा त्यांची मुलगी जन्मली होती किंवा जन्मत होती. त्यांनी मागायला नको होतं असं मला अजूनही वाटतं. आईला तसं वाटत नाही. हिशोब पुरा करायला ती वर आली नव्हती. ज्या दिवसांत तिचा बाप तिच्याजवळ नव्हता ते दिवस त्यानं कुठं काढले, ते तिला बघायचं होतं, आणि त्यानं बघितलेल्या डोंगरांकडं ती बराच वेळ बघत बसली. मी तिला काही विचारलं नाही. भाचीनं डब्यातून तिळाचा लाडू काढून तिच्या तोंडात घातला आणि मोठ्यानं ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं. वर्ध्याच्या पोह्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. गुडघे बोलायला लागले, यजमानांनी आणि दादानं आईला आळीपाळीनं आधार दिला. "जावईबापू, तुम्ही थकले असान, सोडा," असं ती दर वळणावर म्हणत होती. खाली बाबा उभेच होते. पायथ्याच्या झाडाखाली एका पोह्याची गोवऱ्यांची आर पेटली होती, तीत गाकर भाजत होते, वांगी टाकली होती. कुठले म्हणून विचारलं तर सावनेरच्या बाजूचे. आईनं आपल्या माहेरचं नाव सांगितलं आणि आम्हाला पंगतीत बसावंच लागलं. गाकरावरची राख फुंकून, मधे बोटानं फोडून, तूप सोडून त्यांनी आईच्या पत्रावळीवर ठेवला. ती दोन गाकर जेवली. इतकं जेवताना मी तिला गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी लॉजवर रेंज आली तशी तिनं मामाला फोन लावला. स्पीकरवर. मामा म्हणाला, "माह्या त्रिशुळाजवळ लावला का तुहा?" आई म्हणाली, "तुहा काही दिसला नाही बा. जुनं लोखंड, गंजलं असन. माहा नवा आहे." मामा इतका हसला की त्याला खोकला आला. मग दोघं हरभरा सोंगायला मजूर मिळत नाहीत ह्यावर बोलायला लागले, आणि मी आईच्या गुडघ्यांना लावायला मलम शोधायला बाहेर पडले.